डॉ. सालिम अली आणि आपल्या रानातली पाखरे



दरवर्षी १२ नोव्हेंबरला आपल्या शाळांतून पक्षी दिन साजरा होतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळावा असे महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ठरवले, तेव्हापासून या कार्यक्रमाला थोडा भारदस्तपणा आला आहे. फलकावर एका बारीक चणीच्या, टोकदार पांढऱ्या दाढीच्या, गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या वृद्धाचे चित्र लावले जाते. दोन विद्यार्थी पाठ केलेली भाषणे म्हणतात आणि वर्ग सुरू होतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमानंतर आठवीतल्या एका मुलाने मला विचारले की, सर, या गृहस्थांनी नेमके केले काय? पक्षी तर आमचे आजोबाही ओळखतात. मी त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुढे डॉ. सालिम अली यांचे चरित्र नीट वाचले तेव्हा लक्षात आले की, त्या मुलाचा प्रश्न योग्य होता आणि माझे उत्तर चुकीचे होते. ते उत्तर या लेखाच्या निमित्ताने दुरुस्त करीत आहे.

सालिम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा समाजातील एका कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. अमीरुद्दीन तय्यबजी हे त्यांचे मामा आणि हमीदा बेगम या मामी. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. खेतवाडीतल्या त्यांच्या घरी ही पोरकी मुले वाढली. घर सुखवस्तू होते आणि मामा शिकारीचे शौकीन, तेव्हा भाच्याच्या हाती लहानपणीच छर्ऱ्याची बंदूक आली यात नवल नाही. तबेल्यातल्या चिमण्या हे त्याचे पहिले सावज.

१९०८ च्या सुमाराची ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल, पण तिच्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीची चिमणी अशी नसते. मुलगा चांगल्या मुसलमान घरातला. हा पक्षी खाण्यास हलाल की नाही, अशी शंका त्याच्या मनात आली आणि तो ती चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता आली नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवले. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था तेव्हा मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांची होती. मिलार्ड साहेबांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, आणि मग कपाटाचे खण उघडून भारतातल्या साऱ्या जातींच्या चिमण्या, पेंढा भरून ठेवलेल्या, त्या बारा वर्षांच्या मुलापुढे मांडल्या. वाचायला पुस्तकेही दिली. एका लहान मुलाच्या शंकेला मोठ्या माणसाने एवढा वेळ दिला, ही गोष्ट आम्हा शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शाळेत सालिम यांची प्रगती यथातथाच होती. डोकेदुखीच्या विकारामुळे तेराव्या वर्षी शाळा सुटली, हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहावे लागले, आणि १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात पहिल्याच वर्षी गणिताने घाम फोडला. लॉगॅरिथमला कंटाळून त्यांनी कॉलेज सोडले आणि ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या वुल्फ्रॅमच्या खाणीचे आणि लाकडाच्या धंद्याचे काम पाहू लागले. तिथल्या जंगलात त्यांचे लक्ष खाणीपेक्षा पाखरांकडेच जास्त असे. १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकण्यास सुरुवात केली. पण सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा कल ओळखला आणि त्यांना प्राणिशास्त्राच्या वर्गात आणून बसवले. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. १९१८ च्या डिसेंबरात तेहमीना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे ब्रह्मदेशातला धंदा बुडाला.

भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली होती, ती पदवीअभावी त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्रेक्षकांना माहिती देणाऱ्या व्याख्यात्याचे पद मिळाले. पगार दरमहा ३५० रुपये. १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रा. श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षीशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. मेलेल्या पक्ष्याच्या कातड्यापेक्षा जिवंत पक्ष्याचे वागणे पाहावे, आणि जे दिसेल ते त्याच दिवशी तारीखवार लिहून ठेवावे, ही शिस्त तिथे पक्की झाली. १९३० मध्ये परत येतात तो संग्रहालयाकडे पैसा नसल्याने ते पदच रद्द झालेले. वय चौतीस, पदवी नाही, नोकरी नाही.

वाचकहो, इथून पुढचा भाग मला या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मुंबईत घरभाडे परवडेना, म्हणून नवराबायको कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीम येथे तेहमीनांच्या माहेरच्या घरात राहायला गेली. समोर समुद्र, मागे भातशेती. पावसाळा लागला आणि घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनी खोपे विणायला घेतले. सुगरण म्हणजे काही दुर्मिळ पाखरू नव्हे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला आणि शिंदीच्या झावळ्यांना लोंबणारे तिचे खोपे आपण सर्वांनी पाहिले आहेत. अशा पाखराविषयी नवीन ते काय सापडणार, असे कुणालाही वाटले असते. बेकार असलेल्या या माणसाने मात्र त्या खोप्यांसमोर बैठक मारली आणि अख्खा हंगाम एकेका खोप्याचा इतिहास लिहून काढला.

तेव्हा असे दिसून आले की, नाव जरी बाईचे असले तरी खोपा विणतो तो नर. भाताच्या आणि गवताच्या पात्यांच्या बारीक चिरोट्या काढून तो अर्धा खोपा तयार करतो, शिरस्त्राणासारखा. मग माद्यांची टोळी येते. मादी आत शिरते, विणकाम ओढून पाहते, पसंत नसेल तर निघून जाते. पसंत पडले तर ती तिथेच ठाण मांडते आणि नर उरलेला खोपा आणि लांब नळी पुरी करतो. अंडी घातली गेली की, हा गृहस्थ त्या संसारात फारसे लक्ष न घालता दुसऱ्या खोप्याचे काम सुरू करतो. तोही पसंत पडला तर दुसरी मादी, मग तिसरा खोपा. एका हंगामात एकामागून एक असे दोन-तीन संसार. हे कुणी असे नीट पाहून आणि मोजून लिहिले नव्हते. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि सालिम अली हे नाव जाणकारांच्या ओठी आले. रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेल्या पाखराने त्यांना शास्त्रज्ञ केले, असे म्हटले तरी चालेल.

त्यानंतर त्यांनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव मांडला. संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी मी विनावेतन करून देतो, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा आपण द्या. निजामाचे हैदराबाद संस्थान पहिल्यांदा तयार झाले. १९३१-३२ मध्ये ही पाहणी झाली. आजचा आपला मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. मग त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, बहावलपूर, म्हैसूर, कच्छ असे करीत बैलगाड्या, तंबू आणि वह्या यांच्या संगतीने वर्षे गेली. तेहमीना मुक्कामाची सारी व्यवस्था पाहत. सालिम यांच्या इंग्रजी लिखाणात जी सफाई दिसते, तिचे बरेच श्रेय त्यांना दिले जाते. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. बेचाळीस वर्षांच्या सालिम यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुण्यांकडे वांद्र्याच्या पाली हिलवर ते राहू लागले आणि कामात बुडून गेले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक निघाले. सामान्य माणसाला रानातला पक्षी नावाने ओळखता यावा, हा त्या पुस्तकाचा हेतू होता. डिलन रिप्ले या अमेरिकन शास्त्रज्ञासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पहिला खंड निघाला तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर होते. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ मध्ये या बिनपदवीच्या माणसाला सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. मानसन्मानांची यादी मोठी आहे, ती इथे देत बसत नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणी सांगायला हवी. सालिम अली हे पाखरांना दाणे घालणारे हळवे गृहस्थ नव्हते. नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी स्वतः बंदुकीने पुष्कळ पक्षी मारले आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. एक-दोन पक्षी मारल्याने जात संपत नाही, तिच्या राहण्याची जागा मोडली की ती संपते, असे त्यांचे मत होते. हे मत बरोबर होते की नाही, हे माळढोकाच्या बाबतीत तपासून पाहण्यासारखे आहे, आणि ती गोष्ट तर आमच्या घरापासून सुरू होते.

आमचे गाव उत्तर सोलापूर तालुक्यातले, नान्नजच्या माळापासून फार लांब नाही. माझे आजोबा, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, लहानपणी शेळ्या राखत. माळावर उभा राहिला की माणसाच्या कमरेच्या वर येणारा, दमदार चालीचा पक्षी ते वर्णन करून सांगत. पावसाळ्याच्या तोंडी नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तो आवाज दूरवर जातो. त्या आवाजावरून लोक त्याला हूम म्हणत. मी मोठा होईपर्यंत ही केवळ गोष्टच उरली होती. मी स्वतः आजतागायत माळढोक पाहिलेला नाही.

हा पक्षी दाट रानातला नाही. त्याला उघडा माळ लागतो, आणि माळाला लागून असलेली ज्वारी, बाजरी, करडई, हरभरा अशी जिराईत शेतीही चालते. शेतातले टोळ, नाकतोडे, भुंगेरे आणि सांडलेले दाणे हे त्याचे अन्न. म्हणजे तो शेतकऱ्याचा शेजारीच. वर्षाकाठी मादी जमिनीवर उघड्यावर बहुधा एकच अंडे घालते. तेवढ्यावरही दख्खनच्या माळावर तो मुबलक होता. मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने, एका जिल्ह्यात! त्यानंतरही शंभर-सव्वाशे वर्षे हा पक्षी माळावर टिकून राहिला. पुढे मोटारी आल्या, जीपमधून शिकार करणे सोपे झाले, आणि मग माळच नांगराखाली जाऊ लागला. १९६९ मध्ये साऱ्या देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. २०१८ मध्ये हा अंदाज १५० च्या आसपास आला. त्यांतले बहुतेक सारे राजस्थानात, जैसलमेरकडे आहेत.

भारताचा राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याचा विचार चालू होता, तेव्हा सालिम अली यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते. हा मोठा पक्षी खास आपल्या भूमीचा, आणि त्याला संरक्षणाची गरज सर्वांत जास्त, असे त्यांचे म्हणणे. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोकाच्या इंग्रजी नावात एक अक्षर चुकले तर ती शिवी होते, म्हणून ते मागे पडले असेही सांगितले जाते. खरे असेल किंवा नसेल. मोर आज देशात वाढत आहे आणि माळढोक मोजायला बोटे पुरावीत अशी वेळ बहुतेक राज्यांत आली आहे.

महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केले, ८,४९६ चौरस किलोमीटरचे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८१ पासून सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली संकटग्रस्त पक्ष्यांचा अभ्यास हाती घेतला, त्यात माळढोक होता. अलिगढ विद्यापीठात शिकलेले डॉ. असद रहमानी यांनी मध्य प्रदेशातले करेरा, आपले नान्नज इत्यादी ठिकाणी हे काम केले आणि पुढे ते सोसायटीचे संचालक झाले. काम चांगले झाले, पण अभयारण्याची आखणी कागदावर झाली होती. त्यात गावे होती, शहरे होती, लोकांची खासगी शेते होती. आपल्या स्वतःच्या जमिनीवर निर्बंध आल्याचे शेतकऱ्याला या पाखरामुळे कळले आणि पाखराविषयी त्याच्या मनात अढी बसली. आमच्या भागात तरी मी हे पाहिले आहे. पुढे २०१२ च्या सुमारास क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. उजनीचे पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. विजेच्या उंच तारा आल्या. माळढोकाचे शरीर जड आणि समोरचे त्याला कमी दिसते, त्यामुळे तो तारांवर आदळून मरतो. शिकारीवर तर १९७२ च्या कायद्याने बंदी होतीच.

ऊस लावला म्हणून मी शेतकऱ्याला दोष देणार नाही. आमच्याही दोन एकरांत ऊस आहे, आणि त्याच पैशावर माझे बी.एड. झाले. पण सालिम अली यांचे मत तपासून पाहू असे वर म्हटले होते, तर त्याचे उत्तर मला असे दिसते. मॅन्सफील्डच्या बंदुकीने माळढोक संपला नव्हता. माळ गेल्यावर तो गेला. मात्र संख्या घटल्यानंतर एकेक गोळीही जड झाली असणार, आणि हा भाग त्यांच्या मतात थोडा कमी पडतो असे मला वाटते.

माळढोक निदान वर्तमानपत्रांत तरी येतो. ज्या पाखरांची बातमी होत नाही त्यांचे काय? २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे. दीर्घ काळाचा कल ज्यांच्याविषयी सांगता येतो अशा ३३८ जातींपैकी २०४, म्हणजे शंभरात साठ, घटल्याचे त्यात आढळले. उघड्या माळावरच्या आणि शेतीतल्या पक्ष्यांचे हाल अधिक. तारेवर बसून टोळांवर झेप घेणारा मोठा राखी खाटीक ८० टक्क्यांहून अधिक घटला आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख, ज्याला आपल्याकडे चास किंवा तास म्हणतात, गेल्या बारा-तेरा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. तारेवर बसलेला नीलपंख आम्ही लहानपणी सायकलवरून शाळेत जाताना रोज पाहत होतो. तो कधी दिसेनासा झाला ते सांगता येत नाही, कारण आम्ही कुणी लिहून ठेवले नाही. चिमणीबद्दल मात्र सर्वत्र जी ओरड होते तेवढी ती घटलेली नाही. देशभराचा विचार करता तिची संख्या साधारण स्थिर आहे आणि मुंबईसारख्या महानगरांत ती कमी होत आहे.

गिधाडांची गोष्ट याहून विदारक आहे. सालिम अली २० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले, तेव्हा गावाबाहेर मेलेल्या बैलावर गिधाडांचा थवा उतरणे ही रोजची गोष्ट होती. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड त्यांच्यानंतर, १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत, हजारात एक एवढेच उरले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेले जनावर खाल्ल्यावर गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. नव्वदीच्या सुरुवातीला सोसायटीच्या माणसांनी रस्त्याने फिरून शिकारी पक्षी मोजून ठेवले होते, म्हणून नंतरची मोजणी त्याच्याशी ताडून पाहता आली. नाहीतर गिधाडे कमी झाली की आपल्यालाच तसे वाटते, यावर वाद घालण्यात आणखी काही वर्षे गेली असती.

त्या आठवीतल्या मुलाचे उत्तर इथे आहे. पक्षी पुष्कळ लोक ओळखत होते. माझे दादाही ओळखत होते, कदाचित चांगलेच. सालिम अली यांनी पाहिलेले लिहून ठेवले: कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कोणत्या झाडावर, किती. सुगरणीसारख्या पाखराचेसुद्धा. नैनितालच्या पायथ्याशी तराईच्या गवताळ पट्ट्यात त्यांनी फिनच्या सुगरणीचा पुन्हा छडा लावला. तीही त्यांनी नोंदवली. आज ती जात संकटग्रस्तांच्या यादीत आहे. त्या गवताच्या जागी शेती आणि ऊस आला, आणि काय गेले हे सांगायला त्यांची जुनी नोंद आहे म्हणून ते कळते. दादांनी पाहिलेले माळढोक दादांबरोबर गेले. किती होते, कोणत्या माळावर होते, शेवटचा कधी दिसला, काहीच हाती नाही. त्यांना लिहिता येत नव्हते. मला येत होते आणि मी त्यांना विचारले नाही.

आणखी एक कबुली. तोच आठवीतला मुलगा वर्गात सतत खिडकीबाहेर पाहायचा. गणितात कच्चा. त्याला मी एकदा तासभर उभे केले होते. पुढे कळले की शाळेच्या मैदानाच्या कडेला दगडगोट्यांत टिटवीने अंडी घातली होती आणि क्रिकेट खेळणारी मुले तिकडे जातात की काय, याकडे त्याचे लक्ष होते. अंडी चार आहेत, कोणत्या दिवशी दिसली, हे त्याने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिले होते. मी ते पान पाहिले तेव्हा मला मॅट्रिक कसेबसे झालेले सालिम अली आठवले आणि मान खाली गेली. त्याला मी एक वेगळी वही घेऊन दिली. आता वर्गातल्या अकरा मुलामुलींकडे अशा वह्या आहेत. गेल्या पावसाळ्यात शाळेमागच्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे चौदा खोपे मोजले गेले, त्यांपैकी सहा अर्धवट सोडलेले होते. माद्यांनी नापसंत केले असणार, असे मुलींचे म्हणणे पडले.

शेवटी एक विनंती. या स्मरणिकेच्या वाचकांमध्ये साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ बुजुर्ग आहेत. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या भागांत आपण माळढोक, तणमोर किंवा गिधाडांचे थवे पाहिले असतील, तर गावाचे नाव, शिवाराचे नाव, साधारण वर्ष आणि किती पक्षी होते एवढे एका कागदावर लिहून संस्थेच्या कार्यालयाकडे द्यावे. ज्यांना लिहिणे जमत नसेल त्यांच्या नातवंडांनी विचारून लिहून घ्यावे. वर्ष नक्की आठवत नसेल तर घरातल्या कुणाचे लग्न किंवा कोणता दुष्काळ होता तेवढे कळवले तरी चालेल, हिशेब आम्ही लावू. आलेले कागद आमच्या वर्गातली मुले तालुकावार लावून एका वहीत उतरवून ठेवणार आहेत.